दुसऱ्या पिढीचं खरबूज

पाकिटात अकरा बिया निघाल्या. मी दोनदा मोजल्या.
नव्वद रुपये, म्हणजे साडेचारशे विड्या.
औषध लावून गुलाबी केलेल्या,
लग्नातल्या अक्षतांसारख्या.

विडी घरकुलात अंगण म्हणजे
मोरीमागची साडेचार फूट जागा.
तिथला फुटका ड्रम हलवला,
इरय्यांच्या मागाची गंजकी फणी हलवली
(ते बघत होते, बोलले नाहीत),
आणि तेंदूपानांची कातरण,
जी रोज संध्याकाळी चुलीत जायची,
ती मातीवर पसरली.
ऊन वरच्या वर बसून राहिलं.

नळ पाचव्या दिवशी.
तांदूळ धुतलेलं, हात धुतलेलं,
सगळं पाणी वळसा घेऊन वेलापाशी जायचं.
अकरातले आठ उगवले, दोन शेळीनं खाल्ले.
शेळी पद्मावती चिट्यालची, म्हणून भांडले नाही;
लेंड्या तिच्याकडूनच आणायच्या होत्या.

आधी नुसती नर फुलं,
चौकात उभ्या पोरांसारखी, काम ना धंदा.
मग एक दिवस पाकळ्यांखाली
हिरवा मणी घेऊन एक आली.
सोलापूरच्या मार्चात, अडतीस डिग्रीत,
मधमाशी कुठून येणार?
सकाळी सहाला, सूप मांडीवर घ्यायच्या आधी,
मी नर फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या,
आणि ज्या बोटांनी चाळीस वर्षं
विडीचं तोंड मिटलं
त्याच बोटांनी तिचं तोंड पिवळं केलं.
खुणेला देठाशी विडीचा लाल दोरा.

पाच धरली.
सालीवर जाळी उठली तेव्हा
इरय्या चष्मा लावून बघायला आले.
"ताणा आहे, बाणा आहे," म्हणाले, "डिझाईन नाही."
एकोणतीस वर्षं त्यांनी जेकार्डवर मोर विणला.
पुठ्ठ्याची भोकं ठरलेली, मोर ठरलेला.
कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीच्या
शेवटच्या चादरीतही
त्याची मान डावीकडेच.

तीच चादर फाडून त्यांनी फळांना झोळ्या बांधल्या.
शेवटी आठ दिवस पाणी तोडलं की गोडी उतरते म्हणतात.
आम्हाला तोडावं लागलं नाही,
पाइपलाइनच फुटली होती.

एका पहाटे एक फळ आपलं आपण सुटलं.
देठ वेलावर, खरबूज मोरावर.
कापलं, तर वास तिसऱ्या लायनीपर्यंत.
पद्मावतीला फोड. शेळीला साल.

पाकिटावर खाली बारीक अक्षरात होतं:
या फळाचं बी पुन्हा लावू नये.
मी ते राखेत घोळून डबीत ठेवलं.

यंदा तेच लावलं.
एकाच फळाच्या पोटातल्या बिया,
आणि एका वेलाला लांबडी काकडी लागली,
एकाला गुळगुळीत गोटा, जाळीचा पत्ता नाही,
एकाला मुठीएवढं, कडू.
एक फिकं, पाणचट,
पण वास असा
की इरय्या ताटावरून उठून मोरीमागे गेले.

"पुठ्ठे विस्कटले," म्हणाले. रागावल्यासारखे नाही.
एवढे सगळे जण आत दाटीवाटीनं बसले होते
आणि आम्ही चमच्यानं गर काढत
नुसतं गोड, गोड म्हणत होतो.

मुलगी फोनवर म्हणते, अम्मा,
नवीन पाकीट आण की ओ, नव्वद रुपयेच तर आहेत.
आणलंय. तूरडाळीच्या डब्यात आहे.
पण त्या फिक्याच्या बिया
मी परवा वेगळ्या धुतल्या, वेगळ्या वाळवल्या,
आणि इरय्यांनी, मी काही सांगितलं नसताना,
डबीवर बॉलपेननं एक मोर काढला.

मान उजवीकडे.